बाळाचं पोट, ताक आणि आंबील

पावसाळा लागला की आमच्या चेण्याच्या गटांच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशोबाआधी मुलांच्या जुलाबांचा विषय निघतो. नदीला पाणी चढतं, विहिरीचं पाणी गढूळ होतं आणि प्रत्येक पाड्यावर कुणाच्या तरी लेकराचं पोट बिघडलेलं असतं. त्यात हल्ली एक नवा प्रश्न येतो. ‘ताई, दुकानात प्रोबायोटिक लिहिलेल्या छोट्या बाटल्या मिळतात, त्या द्यायच्या का?’

आधी शब्दाचा अर्थ बघू. जे जिवंत सूक्ष्मजीव पुरेशा संख्येने पोटात गेले तर तब्येतीला फायदा करतात, ते प्रोबायोटिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ साली हीच व्याख्या केली. यातला ‘जिवंत’ हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण आपल्या स्वयंपाकघरात सगळी गंमत तिथेच आहे.

आपण दुधाला विरजण लावतो तेव्हा त्यातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. म्हणून दही आंबट लागतं, आणि ज्या मुलांना दूध पचत नाही त्यांना बहुधा दही पचतं. हे जिवाणू ताकातही जिवंत असतात. मात्र ताक उकळलं की ते मरतात. कढी चवीला छान, पण तिच्यात जिवंत जिवाणू राहत नाहीत. इडली आणि आंबोळीचंही तसंच.

मग आंबवून शिजवलेलं खाणं फुकट गेलं का? अजिबात नाही. धान्यात काही घटक असे असतात की ते लोह आणि कॅल्शियम धरून ठेवतात, अंगाला लागू देत नाहीत. आंबवताना ते कमी होतात. नाचणी घ्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. आंबवल्यावर ते मुलाच्या अंगी जास्त लागतं. आपल्या आयाबायांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण आंबील घराघरात होती. विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील लागते, कोल्हापुरात तर रेणुकेची आंबील यात्राच भरते. आपण मात्र पाहुणे आले की आंबील लपवतो आणि बिस्किटाचा पुडा पुढे करतो!

मुलांसाठी आंबील अशी करा. दोन चमचे नाचणीचं पीठ अर्ध्या वाटी ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दीड वाटी पाणी उकळून त्यात ते ओता आणि ढवळत ढवळत चांगलं शिजवा. खाली उतरवा, कोमट होऊ द्या आणि मग वरून दोन चमचे ताजं ताक घाला. हे शेवटचं ताक गरम आंबिलीत घालायचं नाही. आंबवलेली नाचणीही पोटात जाते आणि जिवंत जिवाणूही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आंबिलीत मीठ नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर आईच्या दुधाशिवाय काहीच नको, ताकाचा चमचाही नाही.

आता पाणी. आमच्याकडे दही घरचं, दूध उकळलेलं, आणि ताक करताना हंड्यातलं तसंच पाणी ओततात. सगळी मेहनत तिथे वाया जाते. ताकाला उकळून गार केलेलंच पाणी घ्या. आंबट वास आणि कुजका वास यांतला फरक आपल्याला कळतो, त्यावर विश्वास ठेवा. दह्यावर रंगीत बुरशी दिसली किंवा पिठाला घाण वास आला तर फेकून द्या. रात्रभर बाहेर राहिलेला भात लहान मुलांना देऊ नका. भातातल्या एका जिवाणूचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

त्या बाटल्यांचं सांगते. ओडिशात १४९ गावांमध्ये साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१७ साली छापून आला. काही बाळांना एका ठरावीक जातीचे जिवाणू आठवडाभर दिले, तर त्यांच्यातला गंभीर जंतुसंसर्ग बराच कमी झाला. पुढच्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडातले दोन अभ्यास आले. तिथे जुलाब-उलट्या झालेल्या मुलांना प्रोबायोटिक दिलं, तर न दिलेल्या मुलांपेक्षा ती लवकर बरी झाली नाहीत. म्हणजे कुठला जिवाणू, कुणाला, कशासाठी, यावर सगळं अवलंबून आहे आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. धडधाकट मुलाला रोज बाटली पाजण्यापेक्षा त्या पैशांत दूध घ्या, असं माझं मत आहे.

आणि जुलाब लागले की ताकावर विसंबू नका. घरात ओआरएसची पुडी ठेवा. मोठी पुडी असेल तर ती एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवायची आणि घोट-घोट पाजायचं. पुडीवर पाण्याचं माप लिहिलेलं असतं, ते बघा. अर्धी पुडी अंदाजाने टाकायची नाही. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे दोन्ही मागा. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, आणि मूल खात असेल तर खाणंही नाही. ‘पोटाला विश्रांती’ म्हणून लेकराला उपाशी ठेवणाऱ्या सासवा अजून आहेत, त्यांना हा कार्यक्रम मुद्दाम ऐकवा. शौचातून रक्त, खोल गेलेले डोळे, लघवी बंद, मूल मलूल किंवा काहीच पीत नसेल, तर लगेच दवाखाना गाठा.

बऱ्याच जणी म्हणतात की पावसाळ्यात दही लागत नाही. दूध बोटाला सोसवेल इतकं कोमट हवं आणि भांडं पिठाच्या डब्यात किंवा जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवायचं. तरीही नाही लागलं, तर विरजण जुनं झालं असेल. शेजारणीकडून चमचाभर मागून आणा.