सव्वापाच टन ते एकवीस टन

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचावर आहे. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण पाच टक्क्यांनी कमी भरतो. एरवी हा फरक कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. पण पुणे महामार्गालगतच्या चिंचोळी एमआयडीसीत व्हॅक्यूमवर प्लास्टिकचे पार्ट काढायचे म्हटले, तर तो हिशेबात धरावा लागतो.

व्हॅक्यूम फॉर्मिंगमध्ये तापवून मऊ केलेली शीट साच्यावर धरतात आणि मधली हवा पंपाने काढून घेतात. शीटला साच्यात रेटते ती बाहेरची हवा. पंप कितीही भारी आणा, तिचा जोर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपासच. चिंचोळीत त्याहून जरा कमी. म्हणून कोपरे गोलसर राहतात, कोरलेली अक्षरं बुजतात. प्रेशर फॉर्मिंगमध्ये व्हॅक्यूम असतोच, शिवाय शीटच्या वर बंद पेटी बसवून कॉम्प्रेसरची हवा सोडतात, बहुधा तीन ते सहा किलो दाबाची. मग कडा धारदार येतात आणि साच्यावरचा पोतही पार्टवर उमटतो.

हा जोर फुकट मिळत नाही. ६० बाय ९० सेंटिमीटरच्या शीटचं क्षेत्रफळ ५,४०० चौरस सेंटिमीटर. नुसत्या व्हॅक्यूमला तिच्यावर सव्वापाच टनांचा भार येतो. चार किलो दाबाला तोच एकवीस टनांच्या वर जातो. तेवढ्याच ताकदीने पेटी आणि साचा एकमेकांना घट्ट धरून ठेवायचे, म्हणून मशिनची चौकट दणकट लागते. लाकडाचा किंवा प्लास्टरचा साचाही इथे टिकत नाही. साचा अ‍ॅल्युमिनियमचा, पोटात थंड पाणी फिरवणारा आणि हवा निसटायला केसासारखी बारीक छिद्रं पाडलेला.

खरी परीक्षा मात्र हीटरखाली होते. एबीएस प्लास्टिकची शीट दीडशे अंशांच्या पुढे तापली की दोरीवर टाकलेल्या ओल्या सोलापुरी चादरीसारखी मधोमध झोळ धरते. झोळ कमी तर कोपरे भरत नाहीत, जास्त तर सुरकुत्या पडतात. शीटने आधीच ओल धरली असेल, तर तापताना बुडबुडे येतात; म्हणून पॉलिकार्बोनेट भट्टीत कित्येक तास वाळवल्याशिवाय घेतच नाहीत.

शिवाय शीट जितकी ताणली जाईल तितकी पातळ होते. ४० सेंटिमीटर चौरस आणि २० सेंटिमीटर खोल खोक्याचं क्षेत्रफळ तळापेक्षा तिप्पट भरतं. म्हणजे तीन मिलिमीटरची शीट सरासरी एक मिलिमीटरवर येते, आणि सगळ्यात पातळ होतात ते तळाचे कोपरे. त्यावर उपाय म्हणजे प्लग: दाब सोडण्याआधी वरून उतरणारा ठोकळा. तो शीट आधीच खाली ढकलून माल तळापर्यंत पोचवतो. दह्याचे पातळ कपही प्लग आणि हवेच्या दाबानेच बनतात, फक्त तिथे शीटचा अखंड रोल पळत असतो.

मग इंजेक्शन मोल्डिंग का नको? तिथे वितळलेलं प्लास्टिक शेकडो किलोंच्या दाबाने शिरतं, म्हणून साचा पोलादी, दोन्ही बाजूंनी घडवलेला आणि महाग. लाखो नग निघाले तर तो खर्च विरून जातो. चिंचोळीतच प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे. इंजिनाच्या भागांचा धंदा अशाच मोठ्या आकड्यांवर चालतो. पण एखाद्या तपासणी यंत्राचं कव्हर वर्षाला पाचशेच लागत असेल, तर पोलादी साच्याचे पैसे फिटता फिटत नाहीत. तिथे एका बाजूचा अ‍ॅल्युमिनियम साचा परवडतो. डिझाइन बदललं तरी नुकसान आवाक्यात राहतं.

तडजोडी आहेतच. साच्याला टेकलेली बाजूच नेमकी येते. आतले स्क्रूचे खांब वेगळे चिकटवावे लागतात. कडेचं प्लास्टिक राउटरने कापून काढावं लागतं आणि त्याचा चुरा पुन्हा शीटमध्ये जिरवावा लागतो. तेव्हा या पद्धतीकडे जाणाऱ्या उद्योजकाने मशिनच्या किमतीआधी दोन आकडे विचारावेत: वर्षाला नग किती, आणि सगळ्यात खोल कोपऱ्यात जाडी किती उरणार. पहिल्याचं उत्तर शेकडो ते काही हजार आणि दुसऱ्याचं पार्टला पेलणारं असेल, तर एकवीस टनांची चौकट उभारण्यात अर्थ आहे.