इंग्लंडच्या पानगळीत एकट्याने रोड ट्रिप करायचीये? आधी सूर्यास्ताची वेळ बघा

ऑक्टोबर आला की मोबाईलवर एक रील हमखास येतं. दोन्ही बाजूंना तांबूस-पिवळी झाडं, मधून वळत जाणारा अरुंद रस्ता, कडेला जुनी दगडी घरं आणि गाडीत एकटाच माणूस. इकडे आपण ऑक्टोबर हीटने घामाघूम झालेलो असतो, त्यामुळे ते रील लगेच सेव्ह होतं.

भारतीयांना तर ही ट्रिप आणखी सोपी वाटते. इंग्लंडमध्येही गाडी डाव्या बाजूनेच चालवतात. भारतातलं पक्कं लायसन्स असेल तर पर्यटकाला तिथे १२ महिन्यांपर्यंत कार चालवता येते. भाड्याने गाडी देणाऱ्या काही कंपन्या इंटरनॅशनल परमिट मागतात, तेवढं बुकिंगच्या आधी विचारून घ्यायचं.

मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे ती गावाकडच्या रस्त्यांची आणि लवकर मावळणाऱ्या दिवसाची. ब्रिटनमध्ये रस्ते अपघातात जे लोक जीव गमावतात, त्यातले निम्म्याहून जास्त मृत्यू ग्रामीण रस्त्यांवर होतात. भरधाव मोटारवेवर त्या मानाने खूप कमी.

हे रस्ते इतके अरुंद का?

कारण यातले बरेच रस्ते मोटारगाडीच्या कितीतरी आधीचे आहेत. त्या मूळच्या गाडीवाटा. घोडागाड्या, मेंढरं आणि माणसं जाऊन जाऊन तयार झालेल्या. डॉर्सेटमध्ये तर मऊ खडकातल्या काही वाटा झिजून झिजून माणसापेक्षा खोल गेल्या आहेत. डेव्हनमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध आणि त्यावर दाट झुडपं असतात. दिसायला भारी, पण वळणापलीकडे काय आहे ते अजिबात कळत नाही.

त्यात एक पाटी नवख्याला फसवते. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ. भारतात अशा पाटीचा अर्थ 'आधीचं बंधन संपलं' असा होतो. ब्रिटनमध्ये तिचा अर्थ 'इथे राष्ट्रीय वेगमर्यादा लागू'. म्हणजे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कारसाठी ताशी ६० मैल, साधारण ९६ किलोमीटर. एकच गाडी मावेल अशा रस्त्यावरही ही पाटी दिसते. पण ती कमाल मर्यादा आहे, तेवढ्या वेगाने जा असा सल्ला नाही. स्थानिक लोकही अशा वळणांवर निम्म्याहून कमी वेगाने जातात.

समोरून ट्रॅक्टर आला तर?

अशा रस्त्यांवर थोड्या थोड्या अंतरावर बाजू देण्यासाठी जागा असते. ती तुमच्या डावीकडे असेल तर गाडी त्यात घ्यायची. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबायचं आणि समोरच्याला आत शिरू द्यायचं. शक्य असेल तिथे चढ चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आपल्या घाटातला नियमही हाच.

पण कधीकधी ती जागा मागे राहिलेली असते आणि रिव्हर्स घ्यावा लागतो. एकट्याची पंचाईत होते ती इथे. "येऊ द्या, येऊ द्या... बस!" म्हणायला मागे कुणीच नसतं. म्हणून गाडी घेताना शक्यतो लहानच घ्यावी. टायर आणि काचांचं नुकसान साध्या विम्यात बहुतेकदा धरलेलं नसतं, तेही तपासून घ्यावं.

दिवस किती छोटा होतो?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे घेतात. लंडनमध्ये शनिवारी पावणेसहाच्या आसपास मावळणारा सूर्य रविवारी पावणेपाचलाच मावळतो. नोव्हेंबर संपता संपता तर चारलाच अंधार पडायला लागतो. गावाकडच्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी दिवे नसतात. वर पाऊस, धुकं, ट्रॅक्टरने आणलेला चिखल आणि ओल्या पानांचा थर. रीलमध्ये सुंदर दिसणारी ती पानं ब्रेक मारल्यावर निसरडी होतात.

त्यात जनावरं. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात हरणं गाडीसमोर येण्याचे प्रकार वाढतात. न्यू फॉरेस्टमध्ये घोडे रस्त्यावर मोकळे फिरतात, आणि पानगळीत त्यांच्यासोबत चक्क डुकरंही असतात. ओकची हिरवी फळं घोड्यांना आणि गुरांना विषारी ठरतात, म्हणून ती खाऊन टाकायला लोक आपली डुकरं जंगलात सोडतात. ही प्रथा शेकडो वर्षं जुनी आहे. तिथल्या कुंपण नसलेल्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ४० मैल आहे, ती या जनावरांसाठीच.

मग जायचं कसं?

साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत रंग सगळ्यात चांगले असतात. सगळा इंग्लंड एका आठवड्यात पालथा घालण्यापेक्षा एकच भाग निवडावा. कॉट्सवोल्ड्समध्ये मधाच्या रंगाची दगडी गावं आहेत आणि जवळच वेस्टनबर्टचं वृक्षउद्यान, जिथले जपानी मेपल लालभडक होतात. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ मध्ये जाहीर झालेलं. लेक डिस्ट्रिक्टला २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मात्र तिथला हार्डनॉट पास पहिल्याच दिवशी नको. काही ठिकाणी तीन फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तो चढ आहे आणि रस्ता एका गाडीपुरता.

एकट्याने निघताना चार गोष्टी पाळाव्यात. डोंगराळ भागात नेटवर्क जातं, त्यामुळे नकाशा आधीच डाऊनलोड करावा. कुठून कुठे जाणार आणि किती वाजेपर्यंत पोहोचणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी आणि घरी कळवावं. अडचणीत ९९९ किंवा ११२ लावावा. आणि नकाशा 'दोन तास' म्हणाला तर तीन धरावेत, म्हणजे मुक्काम उजेडातच गाठता येतो.

राहिला प्रश्न त्या रीलचा. गाडी कडेला, सुरक्षित जागी लावून मगच ते काढायचं. फक्त ती जागा समोरच्याला बाजू देण्यासाठीची नसावी. तिथे गाडी उभी करायची नसते.