ना रक्तदाब, ना मधुमेह, तरीही हृदयविकार!

आपल्या वस्त्यांत एक समज घट्ट बसलेला आहे. हृदयविकाराचा झटका हा पुरुषाचा आजार. तोही पन्नाशी उलटलेल्या, विडी ओढणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसाचा. चाळिशीच्या आतल्या, दिवसभर राबणाऱ्या, कसलेही व्यसन नसलेल्या बाईच्या छातीत कळ आली, तर घरातून पहिला शब्द निघतो, ‘पित्त झाले असेल.’ मग सोडा, ओवा, आल्याचा रस. बाळंतीण असली तर ‘वारा धरला’. आणि ज्या घरात अजून भगताकडे जाण्याची खोड गेलेली नाही, तिथे नजर उतरवण्यातच रात्र जाते.

भगिनींनो, याच रात्रीत जीव जाऊ शकतो.

नेहमीचा झटका कसा येतो हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो, तो फुटतो, त्यावर रक्ताची गाठ बसते आणि रक्त अडते. मराठी अभिनेते श्रेयस तळपदे यांना १४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत चित्रीकरण आटोपून घरी आल्यावर झटका आला. वेळेत रुग्णालयात नेऊन अँजिओप्लास्टी केल्यामुळे ते वाचले.

पण धमनीत चरबीचा कणही नसताना झटका येतो, असाही एक आजार आहे. डॉक्टर त्याला स्पॉन्टेनियस कोरोनरी आर्टरी डिसेक्शन म्हणतात, थोडक्यात ‘स्कॅड’. धमनीची भिंत एका पदराची नसते. केळीचा खुंट कापला की एकावर एक पदर दिसतात, तसे तिचे तीन पदर असतात. काही कारणाने हे पदर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये रक्त शिरते. ते रक्त आतला पदर आत ढकलते आणि वाट बंद होते. वाडीला पाणी देणाऱ्या पाइपचे आतले अस्तर सुटून फुगावे आणि पाणी थांबावे, तसाच हा प्रकार.

या आजाराची पहिली नोंद १९३१ सालची, इंग्लंडमधली. ४२ वर्षांची बाई. तिचा आजार कळला तो मृत्यूनंतर. पुढची कित्येक वर्षे हा आजार शवविच्छेदनातच सापडत राहिला, म्हणून तो फार दुर्मिळ मानला गेला. आज सर्व झटक्यांत त्याचा वाटा थोडा आहे, हे खरे. पण अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१८ सालच्या निवेदनानुसार पन्नाशीच्या आतील स्त्रियांना येणाऱ्या झटक्यांत तो ३५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. रुग्णांत दहापैकी सुमारे नऊ जणी बायका. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर येणाऱ्या झटक्यांचे हे एक मोठे कारण आहे.

अमेरिकेतील कॅथरीन लिऑन यातून वाचल्या. साल २००३, वय ३८, दुसऱ्या मुलाच्या जन्माला जेमतेम पाच-सहा आठवडे झालेले. तातडीने बायपास शस्त्रक्रिया करावी लागली. बऱ्या झाल्यावर त्यांनी विचारले, हे मला का झाले? समाधानकारक उत्तर मिळाले नाही. त्यांनी आपल्यासारख्या इतर बायका शोधल्या, आणि २००९ साली मेयो क्लिनिकच्या डॉ. शॅरोन हेज यांना गाठून सांगितले की यावर संशोधन करा. पहिली पाहणी अवघ्या १२ रुग्णांची होती. आज तिथल्या नोंदवहीत हजाराहून अधिक रुग्ण आहेत. डॉक्टरांना प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही, हे यातून आपल्या बायकांनी जरूर घ्यावे.

आता दिवेआगरचा विचार करू. सुट्टी लागली की मुंबई-पुण्याची माणसे समुद्रावर येतात. त्यांच्या खोल्या झाडणे, चादरी धुणे, मासळी साफ करणे, पन्नास माणसांचे जेवण रांधणे हे काम गावच्या आणि आसपासच्या वाड्यांतील बायका करतात. अशा ऐन धांदलीत कुणाच्या छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत गेली, दरदरून घाम फुटला, मळमळू लागले, तर ती काय करते? ‘एवढी पंगत उठू दे’ म्हणते. रोज बुडेल ही भीती असते, आणि ती खोटी नाही.

पण इथून रस्ता लांबचा. बोर्ली पंचतन, म्हसळा, मग घाटातून मोर्ब्यावरून माणगाव. तिथे कुठे मुंबई-गोवा महामार्ग लागतो. अँजिओग्राफीसाठी त्याही पुढे जावे लागते. म्हणून घरी वाट पाहण्यात घालवलेला अर्धा तास शहरातल्या अर्ध्या तासापेक्षा महाग पडतो. १०८ क्रमांकाला फोन करावा. बाईला मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नये, चालवत तर मुळीच नेऊ नये. जवळच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढायला लावावा. पहिला ईसीजी चांगला आला तरी त्रास चालू असेल, तर पुन्हा काढायला आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करायला सांगावे. अलीकडे बाळंतपण झाले असेल तर तेही सांगावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ग्रामीण रुग्णालयात गाठ विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे डॉक्टरांनी ठरवले, तर ‘स्कॅड असेल’ म्हणून आपण अडवू नये. बहुतेक झटके गाठीनेच येतात आणि त्यांत ते इंजेक्शन जीव वाचवते. पदर सुटले आहेत की काय, हे अँजिओग्राफीतच दिसते.

ते दिसल्यावर मात्र नातेवाइकांचा गोंधळ उडतो. शेजारच्या माणसाला स्टेंट घातला, आमच्या बाईला नुसत्या गोळ्या! गरीब म्हणून टाळले काय? आपल्याला आलेले अनुभव पाहता शंका येणे साहजिक आहे. पण इथे बहुधा तेच योग्य असते. सुटलेल्या पदरात तार घालताना चीर आणखी वाढू शकते. उलट, तशीच राहू दिली तर बहुतेक रुग्णांची धमनी काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप भरून येते. म्हणून काही दिवस रुग्णालयात लक्ष ठेवतात. रक्त अडलेलेच राहिले, दुखणे थांबेना किंवा रक्तदाब कोसळला, तरच स्टेंट वा बायपास.

घरी आल्यावर चालणे-फिरणे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवावे. श्वास रोखून ओझे उचलणे टाळावे. म्हणजे डोक्यावर दोन हंडे, नारळांचे पोते, गॅसची टाकी ही कामे घरातल्या पुरुषांनी करायची. पुन्हा दिवस राहण्याबाबत आणि गर्भनिरोधक गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवू नये. काहींना असा झटका पुन्हा येतो, म्हणून बरे वाटले तरी गोळ्या मनाने बंद करू नयेत. मानेच्या आणि मूत्रपिंडाच्या धमन्या तपासून घ्यायला सांगितले, तर ती उधळपट्टी समजू नये. अशा रुग्णांच्या इतर धमन्यांतही दोष सापडतो.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होतानाच त्याला गाठावे. रेशनकार्ड, आधारकार्ड, जुने ईसीजी आणि अँजिओग्राफीची सीडी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पावसात भिजणार नाही अशा जागी ठेवावी, आणि ती कुठे आहे हे घरातल्या मोठ्या मुलालाही माहीत असावे.