सार्वजनिक रस्त्यांवरील सायकलस्वार आणि मोटारचालक : पुणे शहराच्या विशेष संदर्भात

एकेकाळी 'सायकलींचे शहर' म्हणून ख्यात असलेल्या पुण्यात सायकलस्वार आज गटाराची झाकणे आणि उभ्या मोटारी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत लोटला गेला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार सायकल हे मोटार वाहन नव्हे. म्हणून या अधिनियमाखाली तिला नोंदणी वा चालकास परवाना लागत नाही. यावरून रस्त्यावरील तिचा हक्क दुय्यम ठरतो, असा अर्थ काढणे मात्र चुकीचे आहे.

संघर्षाचे मूळ वेगातील तफावतीत आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साहजिकच ताशी ३० ऐवजी ५० कि.मी. वेगाने धावणाऱ्या त्याच मोटारीची ऊर्जा सुमारे २.८ पट होते आणि सायकलस्वाराभोवती तर पत्र्याचे कवचही नसते. कडेला चिकटून चालवणे सुरक्षित, हा समजही अर्धाच खरा आहे. उभ्या मोटारीचे दार अचानक उघडते. उजवीकडे बसलेल्या ट्रकचालकाला डाव्या अंगाची सायकल सहसा दिसत नाही. तो डावीकडे वळतो तेव्हा मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जाते आणि सायकलस्वार नेमका तिथेच सापडतो. दाराचा धोका टाळण्याचा उपाय साधा आहे. चालकाने दार उजव्या हाताऐवजी डाव्या हाताने उघडावे, म्हणजे अंग वळते व नजर आपसूक मागे जाते. नेदरलँड्समध्ये ही सवय रुजलेली आहे.

स्वतंत्र सायकल मार्गाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९६२ च्या निकषानुसार, ताशी २०० हून अधिक मोटार वाहने असलेल्या रस्त्यावर ताशी १०० सायकली असल्या तरी असा मार्ग समर्थनीय ठरे. हा निकष उदार वाटला तरी त्यात एक खोच होती. भीतीपोटी सायकलस्वारच रस्ता सोडू लागले, की मोजणीत त्यांची संख्या घटते आणि मार्गाचे समर्थनही दुबळे होते!

राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्ये वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीस प्राधान्य दिले. पुणे महानगरपालिकेचा सर्वंकष सायकल आराखडा २०१७ चा आहे. तथापि शहरातील अनेक सायकल मार्गांवर मोटारी उभ्या असतात, दुचाकी धावतात. आणि पुष्कळदा हे मार्ग चौकाच्या अलीकडेच, म्हणजे वळणाऱ्या वाहनांपासून संरक्षणाची सर्वाधिक गरज असते तिथेच, संपतात.