'पाणी' म्हणजे काय, आणि 'पाणी' कशासाठी?

पाहुणे सोफ्यावर टेकतात, रुमालाने वारा घेतात आणि म्हणतात, "काय उकडतंय हो आज!" वाक्य हवामानाचं आहे, पण घरातलं कुणी हवामानावर बोलत बसत नाही, उठून पंखा लावतं. व्याकरणाने हे विधान, कामाने मागणी. बोलण्याचा अर्थ लावण्याआधी ते बोलणं तिथे कोणतं काम करतंय हे बघावं, असं बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 'व्हर्बल बिहेवियर' (१९५७) या पुस्तकात मांडलं. पुस्तक वाचलेले थोडे आणि त्याबद्दल ऐकलेले फार, त्यामुळे गैरसमजही भरपूर.

गैरसमज : शब्द एकदा आला की आला.

'पाणी' हाच शब्द घ्या. तहान लागली की मूल 'पाणी' म्हणतं, नदी दिसली की म्हणतं, आईच्या मागून म्हणतं, आणि "तहान लागल्यावर काय पितो?" या प्रश्नालाही तेच उत्तर देतं. कानाला शब्द एकच. स्किनरच्या हिशेबी ही चार वेगळी वर्तनं, अनुक्रमे: मँड, टॅक्ट, एकोइक आणि इंट्राव्हर्बल. पहिल्याची कमाई प्रत्यक्ष पाणी, दुसऱ्याची "शाब्बास!".

ऑटिझम असलेल्या काही मुलांच्या बाबतीत हा फरक ठळक दिसतो. चित्रातला पेला बघून 'पाणी' म्हणणारं मूल तहानेने रडतं, पण पाणी मागत नाही. "येतंय सगळं, मुद्दाम करतो," असं घरचे म्हणतात. खरं तर त्याला नाव सांगायला शिकवलेलं असतं, मागायला नाही. बहुतेक मुलं एकातून दुसरं आपोआप उचलतात, म्हणून आपल्याला हे शिकवावं लागतं हेच सुचत नाही.

गैरसमज : डोकं आपटतो, कारण तो हट्टी आहे.

हट्टी कशावरून? डोकं आपटतो यावरून! हे स्पष्टीकरण नव्हे, तीच गोष्ट दोनदा सांगणं. संशोधक ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या नऊ मुलांना आळीपाळीने वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून पाहिलं. एकीत इजा केली की मोठं माणूस काळजीने बोलायचं, दुसरीत समोरचं काम थोडा वेळ थांबायचं, तिसरीत मूल एकटं असायचं, चौथीत नुसता खेळ. बहुतेक मुलांमध्ये इजेचं प्रमाण ठरावीक परिस्थितीतच वाढलं, आणि ती परिस्थिती प्रत्येकाची सारखी नव्हती. दिसायला एकच वर्तन, पण कुणाला त्यातून लक्ष मिळत होतं, कुणाची कामातून सुटका होत होती.

पुढचं पाऊल मला सगळ्यात सुंदर वाटतं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या संशोधकांनी १९८५ मध्ये चार मुलांना त्रासदायक वागण्याच्या जागी एकेक वाक्य दिलं. काम अवघड वाटलं की 'मला समजत नाही' म्हणायचं, लक्ष हवं असेल तर 'मी नीट करतोय ना?' असं विचारायचं. कारणाला जुळणारं वाक्य मिळालं की त्रासदायक वागणं घटलं. कारणाला न जुळणाऱ्या वाक्याने तसा फरक पडला नाही. म्हणजे आदळआपटही एक प्रकारचं बोलणंच होतं.

गैरसमज : ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा.

हा पाठ्यपुस्तकं वाचलेल्यांनाही चकवतो. शिक्षेने वर्तन कमी होतं, प्रबलनाने, मग ते धन असो वा ऋण, वाढतं. लग्नाच्या पंगतीत पोर भोकाड पसरतं, बाबा मोबाइल हातात देतात, रडणं थांबतं. पोराला मोबाइल मिळाला, हे धन प्रबलन. बाबांची कटकट टळली, हे ऋण प्रबलन. पुढच्या पंगतीत पोर लवकर रडेल आणि बाबा लवकर खिशात हात घालतील. दोघांनी एकमेकांना छान शिकवलंय.

गैरसमज : स्किनरला मन मान्यच नव्हतं, आणि चॉम्स्कीने त्याला कायमचं निकालात काढलं.

पहिला भाग सरळ चूक. विचार आणि वेदना या कातडीखालच्या घटनांवर तो १९४५ पासून लिहीत होता. त्या घटना वर्तनाचं अंतिम कारण असतात, एवढंच त्याला अमान्य होतं.

दुसऱ्यात मात्र तथ्य आहे. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने १९५९ मध्ये केलेलं 'व्हर्बल बिहेवियर'चं परीक्षण जबरदस्त होतं. शाबासकीने सगळी भाषा उलगडत नाही, हे खरंच. आपली मुलं 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतात. घरात तसं कुणी बोलत नाही, त्याबद्दल शाबासकीही मिळत नाही. मूल नियम कसा घडवतं, याचं स्किनरचं उत्तर मला तोकडंच वाटतं. पण 'करलं' हे मूल कुणाला, कधी आणि कशासाठी सांगतंय, हा प्रश्न व्याकरण सोडवत नाही. १९७० मध्ये मानसशास्त्रज्ञ केनेथ मॅककॉर्कोडेलने चॉम्स्कीला सविस्तर उत्तर दिलं. ते फारसं कुणी वाचलं नाही.

स्किनरच्या पुस्तकाची सुरुवात जेवणाच्या टेबलावर झाली होती. १९३४ मध्ये तत्त्वज्ञ व्हाइटहेड यांनी वर्तनवादाची बाजू मांडणाऱ्या तरुण स्किनरला डिवचलं: या टेबलावर काळा विंचू पडत नाहीये असं मी आत्ता म्हणालो, तर ते का म्हणालो हे सांगून दाखव. दुसऱ्याच दिवशी स्किनरने आराखडा लिहायला घेतला. पुस्तक यायला तेवीस वर्षं लागली, आणि त्याच्या शेवटी त्याने अंदाज बांधला, की तो काळा विंचू कदाचित वर्तनवादच असावा.