अळीमिळी गुपचिळी : गॉथिक कथांमधल्या घराण्यांची उघडी गुपितं

एडगर ॲलन पोच्या ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ या कथेचा शेवट सुरुवातीलाच सांगून ठेवलेला आहे. पाहुणा वाड्यासमोर येतो तेव्हा छपरापासून निघून नागमोडी उतरत डोहाच्या पाण्यात शिरलेली एक बारीक चीर त्याला दिसते. शेवटी वाडा दुभंगतो तो याच चिरेवर, आणि गडप होतो त्याच डोहात. गॉथिक कथांची मला सर्वांत आवडणारी गंमत हीच आहे. घराण्याचं गुपित दर्शनी भिंतीवर लिहिलेलं असतं आणि सगळे जण ते वाचायचं टाळत असतात.

भावकीच नाही! अशर घराण्याला शाखा नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या वंश एकाच सरळ रेषेत चालत आलेला. ना चुलते, ना वाटण्या, ना बाहेरचं वारं. आसपासचे शेतकरी तर वाड्याला आणि घराण्याला एकाच नावाने ओळखतात. काही समीक्षकांना इथे बंद दाराआडच्या निषिद्ध नात्याचा वास येतो. पो त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि ते मौनच कथेला धार देतं.

आडनाव कुठून आलं? पोचे आईवडील नाटकांत कामं करायचे. त्यांच्याबरोबर रंगमंचावर असणाऱ्या नटांत ल्यूक आणि हॅरिएट अशर हे जोडपंही होतं. पोने नाव तिथूनच उचललं असावं. कथा छापून आली सप्टेंबर १८३९मध्ये, फिलाडेल्फियाच्या ‘बर्टन्स जंटलमन्स मॅगझीन’मध्ये. पो तिथेच आठवड्याला १० डॉलर पगारावर संपादनाचं काम करत होता.

खऱ्या पुस्तकांत एक खोटं. वाड्याचा मालक रॉडरिक अशर याच्या कपाटातली माकियाव्हेली, कांपानेला, स्वीडनबॉर्ग यांची पुस्तकं खरीखुरी आहेत. पण वादळी रात्री पाहुणा त्याला जे पुस्तक वाचून दाखवतो, ते ‘मॅड ट्रिस्ट’ पोने स्वतः रचलेलं. पुस्तकात दार फुटतं आणि वाड्यात खालून तसाच आवाज येतो! रॉडरिक गिटारवर ज्याचे सूर छेडतो, तो ‘वेबरचा शेवटचा वॉल्ट्झ’ही वेबरचा नाही. तो रायसिगर नावाच्या संगीतकाराचा.

मॅडेलिनला तळघरात का ठेवलं? इथे जरा थांबायला हवं. रॉडरिकची जुळी बहीण मॅडेलिन हिला असा आजार आहे की शरीर ताठ होऊन माणूस मेल्यासारखा पडतो. ती ‘गेल्यावर’ भाऊ तिला लगेच पुरत नाही. दोन आठवडे वाड्याखालच्या, तांब्याचा पत्रा मारलेल्या कोठडीत ठेवायचं ठरवतो. पूर्वी या कोठडीत दारूगोळा साठवत असत. तिला तिथे ठेवायचं कारण काय, तर डॉक्टरांनी तिच्या आजाराची नको तितकी चौकशी केली होती आणि घराण्याचं स्मशान लांब, उघड्यावर होतं. आज हे लंगडं वाटतं, पण त्या काळी वैद्यकीय अभ्यासासाठी थडग्यांतून प्रेतं पळवली जात. १८२८मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर यांनी तर प्रेतं विकण्यासाठी माणसंच मारली होती. जिवंतपणी पुरलं जाण्याची धास्तीही तितकीच मोठी. १८४३मध्ये बाल्टिमोरच्या एका कारागिराने मृत्यूची खात्री नसेल अशा वेळेसाठी आतून उघडणाऱ्या शवपेटीचं पेटंट घेतलं. मॅडेलिनच्या पेटीचं झाकण मात्र स्क्रूने घट्ट बसवलेलं! तिची हालचाल आपल्याला कित्येक दिवस ऐकू येत होती, असं रॉडरिक शेवटी कबूल करतो. ऐकलं, पण बोलला नाही. माझ्या लेखी कथेतला खरा गुन्हा हाच. आणि संपूर्ण कथेत मॅडेलिनच्या तोंडी एक शब्दही नाही.

रॉडरिकचा जर्मन पूर्वज. जर्मन लेखक हॉफमनच्या १८१७च्या ‘दास मायोराट’ या कथेतल्या म्हाताऱ्या जमीनदाराचं नाव रोडरिश. घराणं एकसंध राहावं म्हणून तो सगळी मालमत्ता एकाच वारसाला मिळेल अशी व्यवस्था करतो. परिणाम नेमका उलटा होतो. भावाभावांत वैर, मनोऱ्यावरून ढकलून खून आणि भिंत घालून बुजवलेलं दार. खुनात हात असलेला जुना कारभारी झोपेत चालत येऊन ते दार नखांनी ओरबाडतो.

खापरपणजोबांचं ओझं. १६९२च्या सेलममधल्या चेटूक-खटल्यांत जॉन हॅथॉर्न न्यायाधीश होते. लेखक नथॅनिएल हॉथॉर्न त्यांचा खापरपणतू. त्याने आडनावात एक जादा अक्षर घातलं, पण इतिहास पुसला नाही. ‘यंग गुडमन ब्राउन’ (१८३५) या कथेत सैतान नायकाला सांगतो की तुझ्या आजोबांनी क्वेकर बाईला सेलमच्या रस्त्यांतून फटके मारले, तेव्हा मी मदतीला होतो. हॉथॉर्नचे मूळ पुरुष विल्यम हॅथॉर्न क्वेकरांच्या छळासाठी कुप्रसिद्धच होते. घरातली लाज त्याने कथेत उघड्यावर आणून ठेवली. हे धैर्य मला फार मोलाचं वाटतं.

सगळ्या गावाची मिलीभगत. विल्यम फॉकनरनेही आडनावात एक अक्षर वाढवलं होतं! त्याची ‘अ रोझ फॉर एमिली’ एप्रिल १९३०मध्ये ‘द फोरम’मध्ये आली. देशभर वाचल्या जाणाऱ्या मासिकातली ही त्याची पहिली कथा. निवेदक एक माणूस नाही, ‘आम्ही’ म्हणजे अख्खं गाव आहे. आता या गावाला काय काय ठाऊक होतं बघा. बापाने एमिलीची सगळी स्थळं हुसकावली. बाप गेल्यावर ती तीन दिवस म्हणत राहिली की ते गेलेलेच नाहीत. मग तिने औषधाच्या दुकानातून आर्सेनिक आणलं. कशासाठी, हे तिने सांगितलंच नाही, तेव्हा दुकानदाराने डब्यावर ‘उंदरांसाठी’ असं लिहून दिलं. मग तिचा प्रियकर दिसेनासा झाला. मग घरातून दुर्गंधी येऊ लागली. बाईच्या तोंडावर वासाचं कसं बोलायचं, म्हणून चार पुरुष रात्री चोरपावलांनी जाऊन तळघरात आणि आवारात चुना टाकून आले! माडीवरची एक खोली चाळीस वर्षं कुणी पाहिली नव्हती, हेही सगळ्यांना माहीत. पण अळीमिळी गुपचिळी. एमिली चौऱ्याहत्तराव्या वर्षी मरेपर्यंत ते दार कुणी उघडलं नाही. म्हणूनच शेवटी त्या खोलीत प्रियकराच्या प्रेताशेजारच्या उशीवर सापडलेल्या एमिलीच्या करड्या केसापेक्षा मला चुन्याची पिशवी जास्त भयानक वाटते.

रक्ताचं नातं, शब्दशः. शेरिडन ल फानूच्या ‘कार्मिला’मधली (१८७१-७२) रक्तपिपासू पाहुणी नायिकेच्या आईकडच्या, नामशेष झालेल्या कार्नश्टाइन घराण्यातलीच निघते. ‘ड्रॅक्युला’ यायला अजून पाव शतक होतं.

वाडा पडला, गोष्ट उभी. देब्यूसी या फ्रेंच संगीतकाराने अशरवर ऑपेरा लिहायला घेतला आणि १९१८मध्ये तो अर्धवट ठेवूनच गेला. १९२८मध्ये एकाच वर्षी फ्रान्स आणि अमेरिकेत दोन मूकपट आले. १९६०मध्ये दिग्दर्शक रॉजर कॉर्मनने आपल्या चित्रपटात व्हिन्सेंट प्राइसला रॉडरिक केलं. २०२३च्या नेटफ्लिक्स मालिकेत तर वाड्याच्या जागी औषध कंपनी आली. तिचं नाव फॉर्च्युनॅटो, म्हणजे पोच्याच दुसऱ्या कथेत भिंतीत चिणला गेलेला माणूस. आणि १८३९च्या कथेत एक शब्दही न बोललेली मॅडेलिन इथे भावाला सल्ले देते, डावपेच आखते आणि कंपनीचा कारभार हाकते.