एक्स्प्लेनर : बाप्तिस्म्याची नोंद एक, परिणाम दोन

जालना जिल्ह्यातली कॅथलिक धर्मग्रामं १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. धर्मग्राम म्हणजे नुसती रविवारची मिस्सा नव्हे. तिथली बाप्तिस्म्याची नोंदवही कुटुंबाला आयुष्यभर लागते. लग्न पुण्यात लागलं तरी त्याची नोंद मूळ गावच्या याच वहीत, बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशी करावी लागते. म्हणून लग्न ठरलं की आधी तिथून ताजा दाखला मागवायचा. डेटाबेसच्या कितीतरी आधीची ही पद्धत, पण चोख!

अडचण येते ती सरकारी कार्यालयात. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे. बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला, ख्रिश्चनांचा नाही. त्यामुळे एकाच वस्तीतल्या, मूळ एकाच जातीच्या दोन घरांपैकी बौद्ध घरातल्या मुलीला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, ख्रिस्ती घरातल्या मुलीला नाही. शिष्यवृत्ती, राखीव जागा, ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण, सगळं या दाखल्यावर अवलंबून. गाव मात्र दोघींचीही जात विसरत नाही.

याच प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.